संगणकातला भाडेकरू

"माजे घरान कोन घुसला? आदी ता सांग! माजी देवी कारून तिथं कुनाचा तलाव लावलास?"

हा आवाज माझ्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात शिरला तेव्हा आवाजाची मालकीण अजून रस्त्याच्या पलीकडे होती. मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत त्या घटकेला जेवढी यंत्रं चालू होती ती सगळी क्षणभर थांबली, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्या लोकांत मीही आहे, त्यामुळे ते खरंच असणार. मग रस्ता आपोआप मोकळा झाला, एक टेम्पो पाय ओढत मागे सरला, आणि आत्या आली. घागर धरावी तसा कमरेवर संगणकाचा अख्खा डबा, आणि मागून वायरी अशा फरफटत होत्या की जणू कुणाला तरी शेपटी धरून पोलीस चौकीत आणलंय. तो डबा तिने माझ्या टेबलावर आपटला नाही हं. ठेवला. नुसता ठेवला, तरी टेबलाचा एक पाय त्या दिवसापासून लंगडा आहे.

"आत्या, झालं काय?"

"काय जाला? सकाली उठले, देवीला हात जोरले, डोले उघरून बगते त समोर डोंगर! बर्फाचा! न त्याचे खाली तलाव. न जी बटनं कोपऱ्यान व्हती ती मदी येऊन बसलीत, पंगतीला बसल्यावानी. मना कुनी इचारला?"

मी समजावलं, की आत्या, कुणी घुसलं नाही. संगणक ज्याच्यावर चालतो ना, ती सिस्टीम, तिची नवी आवृत्ती आली. आपोआप बसली, आणि पडद्यावरचं तुमच्या देवीचं चित्र काढून तिने आपलं लावलं. याला अपडेट म्हणतात.

"कुठनं आला?"

"कंपनीकडून."

"न किल्ली कुनी दिली त्याला?"

जगातले मोठमोठे संगणकतज्ज्ञ हा प्रश्न ऐकून चहा मागवतात आणि विषय बदलतात. मीही चहाच मागवला.

आत्या म्हणजे आमच्या गाळ्यांची मालकीण. माझी आत्या नव्हे, कुणाचीच नव्हे, पण मानपाड्यापासून कल्याणपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणायचे. तिचा नवरासुद्धा चारचौघांत आत्या म्हणायचा असं ऐकलंय, आणि एकांतात त्याची काही म्हणायची हिंमत नसावी. सासरी भातशेती, माहेर खाडीकाठी मिठागरातलं. वसाहत आली, शेतांत इमारती उगवल्या, आणि आत्या मालकीण झाली. "आदी भात लावला, मंग मीठ पिकवला, आथा भारेकरी पिकवतो," असं ती सांगायची, आणि तिन्ही पिकांची निगा सारखीच राखायची. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो इतका जड की दुसरी बाई असती तर एका बाजूला कलंडून चालली असती. आत्या सरळ चालायची. किल्ल्याच तोल सांभाळून घ्यायच्या.

भाडेकरी पारखण्याची तिची रीत मी स्वतः पाहिली आहे. माणूस जागा बघायला आला की ती त्याला पाण्याचा पेला द्यायची आणि काहीही बोलायची नाही. तो पाणी प्यायला, की रिकाम्या पेल्याचं तो काय करतो, एवढंच बघायची. "पेला कुठे ठेवू?" असं ज्याने विचारलं त्याला गाळा. ज्याने मनाला येईल तिथे ठेवला त्याला, "जागा दिली हाय दुसऱ्याला." एकदा एक सुटाबुटातला गृहस्थ आला. परफ्यूम असा की अंगणातल्या कोंबड्या शिंकल्या. त्याने पेला तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि करारावर लगेच सही करायला पेन काढलं. आत्याने त्याला रस्ता दाखवला. आम्ही सगळे हळहळलो, एवढा मोठा माणूस! पुढे त्याने शेजारच्या इमारतीत गाळा घेतला, आत भिंती पाडल्या, मधला जिनाच काढून टाकला, आणि एक दिवस पसार झाला. वरच्या मजल्यावरचा टेलर तेव्हा वरच होता. त्याला शिडी लावून उतरवावं लागलं. आत्या शिडी धरून उभी होती. "पेल्यावरनं कलतं," एवढंच म्हणाली.

तर अशा बाईने संगणक घेतला कशाला? गाळ्यांवरचे कॅमेरे बघायला, असं ती जगाला सांगायची. खरं कारण पत्ते. आत्याशी पत्ते खेळायला गावात माणूस उरला नव्हता, कारण ती कधी हरत नसे, आणि जो हरे त्याला तो कसा हरला हे वर्षभर समजावून सांगत असे. शेवटी तिने यंत्र गाठलं. दुपारची जेवणं झाली की पडद्यावर एकटीच डाव मांडून बसायची, आणि पडद्याला दम द्यायची, "टाक, टाक राजा, लपवतंस कशाला?" जुन्या सिस्टीमवर सगळं सुरळीत होतं. नव्या सिस्टीममध्ये डाव ऐन रंगात आला की पत्ते बाजूला सरायचे आणि एक बाई येऊन साबण विकून जायची.

"माज्या डावान ही कोन?" आत्याने विचारलं.

"जाहिरात आहे आत्या."

"बोलवली कुनी?"

त्या दिवशी आत्याचं मत कायमचं ठरलं: यंत्र माझं, मी दुकानातून घेतलं. हा जो आत येऊन राहिलाय तो माझ्या जागेत राहिलाय. म्हणजे तो भाडेकरी. मी जीव तोडून सांगितलं, की आत्या, सिस्टीम म्हणजे माणूस नव्हे, तो प्रोग्राम आहे, उलट कंपनी म्हणते की तीच तुम्हाला वापरायला देते. आत्या शांतपणे म्हणाली, "मंग करार दाव."

करार होता. सगळ्या संगणकांत असतो. लांबलचक, बारीक अक्षरात, खाली 'मान्य' असं बटण. पृथ्वीवरच्या कोट्यवधी माणसांनी ते बटण दाबलंय आणि त्यातल्या एकानेही वरचं वाचलेलं नाही. पण आत्याच्या ओट्यावर एक रीत होती. कुठलाही करार सही होण्याआधी मोठ्याने, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, सगळ्या गाळेवाल्यांसमोर वाचला जायचा, आणि ज्या वाक्याचा अर्थ वाचणाऱ्याला सांगता येणार नाही ते वाक्य आत्या खोडायची. त्या रीतीप्रमाणे दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर सतरंजी पडली. वेल्डिंगवाला, खानावळवाली, रबराचे वायसर करणारा, सगळे साक्षीदार. मधे मी, छापील कागदांची चळत घेऊन.

काय सांगू तुम्हाला! वाचायला बसलो तेव्हा गुळगुळीत दाढी करून बसलो होतो. अर्ध्यात आलो तेव्हा खानावळवालीने मला ओळखलं नाही. प्रत्येक वाक्याला आत्या हात वर करायची. "थांब. म्हंजी काय?" आणि मी सांगायला तोंड उघडायचो आणि तसंच मिटायचो.

"कंपनी पूर्वसूचना न देता कोणताही बदल करू शकते," मी वाचलं.

"म्हंजी मी घरान असताना माजा चूलखंड हालवणार."

"होणाऱ्या नुकसानीस कंपनी जबाबदार राहणार नाही."

"न चुलीन हात भाजला त माजाच."

"वापराची काही माहिती कंपनीकडे पाठवली जाईल."

वेल्डिंगवाल्याने हळूच विचारलं, "आत्या, याला गाळा द्यायचा का?"

आत्याने खूप विचार केला. मग म्हणाली, "हा भारेकरी नाय रं. हा घरजावई हाय."

त्या दुपारी मी आत्यापुढे मनातल्या मनात जो आडवा झालो तो अजून पुरता उठलेलो नाही. मी संगणकाचा धंदा करणारा माणूस. माझी वर्षं त्यात गेली. पण संगणकाबद्दल इतकं सरळ मत मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आणि नेमकं हेच मत माझ्या मुळावर आलं.

माझ्या दुकानावर तेव्हा त्या सिस्टीमच्या कंपनीचा बोर्ड होता. निळा, चमकता, 'अधिकृत सेवा केंद्र'. तो बोर्ड बघून शाळा यायच्या, दवाखाने यायचे, क्लासवाले यायचे. बोर्ड होता म्हणून दुकान होतं, एवढं सरळ गणित. एक दिवस कंपनीचे साहेब आले. तरुण, इस्त्रीचे, बोलणं असं की प्रत्येक वाक्याला पाठीवर हात फिरवल्यासारखं वाटावं.

"सर, ठाण्याला आपण कस्टमर मीट ठेवलीय. नव्या सिस्टीमवर लोकांची मतं. तुमचे काही कस्टमर घेऊन या. जेन्युइन पाहिजेत."

"जेन्युइन म्हणजे?"

"खूश असलेले."

"आणि कुणी नाराज बोललं तर?"

"बोलू दे ना सर! निगेटिव्ह पण वेलकम आहे. फक्त पॉझिटिव्ह टाइपचा निगेटिव्ह पाहिजे." मग जाताना बोर्डाकडे बघून म्हणाले, "यावर्षी काही सेंटर्स कमी करायची आहेत. बघू."

मी समजायचं ते समजलो. खूश गिऱ्हाइकं शोधायला निघालो. डोंबिवली पूर्व पालथी घातली, पश्चिमेला गेलो, कल्याणला जाऊन आलो. खूश माणूस काही मिळेना, तेव्हा सभ्य माणसं गोळा केली. त्यांत एक निवृत्त मुख्याध्यापक होते, आम्ही सर म्हणायचो. शुद्ध बोलणारे, धोतराच्या निऱ्यांसारखी वाक्यं. नव्या सिस्टीमने त्यांच्या फायली आपणहून कंपनीच्या दूरच्या साठ्यात नेऊन ठेवल्या होत्या आणि सर रोज माझ्या दुकानात येऊन डोळे पुसायचे, "अहो, माझ्या सौभाग्यवतीची छायाचित्रे कुठे नेली हो यांनी?" पण चारचौघांत सर कुणाला दुखावणार नाहीत याची मला खात्री होती.

ठरल्या सकाळी गाडी निघायची वेळ झाली, आणि एक गिऱ्हाईक आलं नाही. त्याच्या जागेवर, ड्रायव्हरच्या शेजारी, आत्या बसलेली होती.

"आत्या, तुम्ही कुठे?"

"ठान्याला. मी पन गिऱ्हाईकच हाय ना?"

"आत्या, माझा बोर्ड..."

"म्हायती हाय. गारी चालव रं."

वागळे इस्टेटमध्ये काचेची इमारत. वरच्या मजल्यावर हॉल. एसी असा की माझे शब्द तोंडातून निघून गोठून खाली पडत होते. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर तोच तो बर्फाचा डोंगर आणि तलाव. आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की डोंगरावरचा बर्फ जरा वितळला. दाराशी एक यंत्र ठेवलं होतं. त्यावर बटणं, बटणांवर चेहरे. एका टोकाला रडका, दुसऱ्या टोकाला हसरा. कुठला चेहरा तुमचा, तो दाबायचा. झालं तुमचं मत.

सर पुढे झाले. त्यांनी सगळ्यात हसरा चेहरा दाबला, आणि वर यंत्राला नमस्कार केला.

"सर!" आत्या म्हणाली. हळूच म्हणाली, म्हणजे फक्त हॉलभर ऐकू गेलं. "परवा त दुकानान रडत व्हता तुमी!"

सर कानापर्यंत लाल झाले. "अहो, ते घरचे दुःख. परक्यांना उगाच वाईट कशाला वाटू द्यावे?"

आणि हे खरं आहे बरं का. आपल्याकडचं गिऱ्हाईक शिव्या दुकानदाराला देतं आणि शाबासकी साहेबाला. दोन्ही ठिकाणी बिचारं सज्जनपणेच वागतं. म्हणून तर कंपन्यांना वर्षानुवर्षं वाटतं की लोक खूश आहेत आणि आम्हा दुकानदारांचे केस अकाली जातात.

साहेबांनी माईक घेतला. "तर मंडळी, नवी सिस्टीम कशी वाटली? एका शब्दात!"

"छान," कुणी म्हणालं. "उत्तम," सर म्हणाले. मी मनात बोर्डाला हळद-कुंकू वाहिलं. तेवढ्यात आत्या उठली. साहेब माईक घेऊन धावले. तिने तो हाताने बाजूला सारला.

"त्याला नको तरास," ती म्हणाली. "मना इचारायचा हाय. तुमचा हा जो आत ऱ्हातो, त्याचा गाव कुठला?"

"मॅडम, सिस्टीम परदेशात बनते."

"बरा. येताना मानसं किती आनतो? मी एकल्याला जागा दिली व्हती. त्याचे संगती हवामान सांगनारा आला, बातम्या सांगनारा आला, साबनवाली आली. न एक त असा हाय, त्याचा काम काय ता ह्याला पन म्हायती नाय." हा मी. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी पडद्यावरच्या तलावात उडी मारायला तयार होतो.

"न खातो किती?"

साहेब घाम पुसत होते, त्या थंडीत. उत्तर भलतीकडून आलं. सर उभे राहिले होते. "मी सांगतो! जुनी सिस्टीम जेवढ्या मेमरीत दिवस काढायची, तेवढी याला सकाळच्या न्याहारीला लागते! आणि माझी छायाचित्रे! न विचारता नेली!"

झालं. धरणाचा दरवाजा कुणीतरी उघडल्यासारखं झालं. एक क्लासवाली बाई उठली, परीक्षा चालू असताना ऐन वेळी अपडेट सुरू झाला म्हणाली. एकाच्या प्रिंटरला नव्या सिस्टीमने ओळखच दाखवायला नकार दिला होता. मी जीव मुठीत धरून आणलेली ती सभ्य माणसं! शेजारच्या ऑफिसातली माणसं काचेला नाक लावून उभी होती, आणि लिफ्टमन लिफ्ट सोडून आला होता.

"न घरातल्या गोष्टी बाहेर सांगतो का?" आत्याने विचारलं.

साहेबांनी लॅपटॉपकडे पाहिलं. "मॅडम, त्याला डायग्नोस्टिक डेटा म्हणतात."

"आमच्यान त्याला चुगली बोलतान."

हसण्याचा असा लोंढा आला की पडदा हलला. मग आत्याने हात वर केला, आणि सगळं चिडीचूप. आता ती जे बोलली ते खालच्या आवाजात. तिचा वरचा आवाज कुणीही सहन करील, पण खालच्या आवाजाला आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून उभी राहायची.

"पोरा, तुजा भारेकरी वाईट नाय. कामाला वाघ हाय. पन मी जल्मभर लोकांना जागा दिली. मना एकच म्हायती हाय. न इचारता केलेला काम चांगला असला तरी ती घुसखोरीच. माजी देवी कारून तू तिथं सोन्याचा डोंगर लाव, माजा काय जातंय? पन इचार. एवराच."

त्या तरुण साहेबांचा चेहरा क्षणभर इस्त्री मोडल्यासारखा झाला, आणि मला तो पहिल्यांदा आवडला. मग त्यांना नोकरी आठवली.

"मॅडम, खूप व्हॅल्युएबल आहे हे. फक्त सिस्टीममध्ये घ्यायला कॉलम नाही. तुम्ही एक चेहरा दाबता का प्लीज?"

"मना माजा चेहरा हाय," आत्या म्हणाली आणि दाराकडे चालू लागली.

बाकीच्यांनी मात्र दाबले. परत दाबले. सरांनी रडक्या चेहऱ्यावर अंगठा असा रोवला की ते बटण आत गेलं ते बाहेरच येईना. म्हणतात की ते यंत्र अजून वागळे इस्टेटच्या कुठल्यातरी गोदामात पडलंय आणि कुणी नाही आलं तरी नाराजी नोंदवतंय.

पुढे कधीतरी एका अपडेटनंतर आत्याच्या पडद्यावर छोटी चौकट आली. 'तुमचं चित्र तसंच ठेवायचं का?' चौकटीने विचारलं. होय, विचारलं! कंपनी म्हणते, आम्ही जगभर संशोधन केलं. म्हणू देत. ओट्यावरच्या साक्षीदारांना विचारा, त्यांना खरं माहीत आहे. त्या दिवशी वेल्डिंगवाल्याने पेढे वाटले.

पण हे फार नंतर. ठाण्याहून आलो त्यानंतर काहीच दिवसांत कंपनीचा ईमेल आला, आभार मानणारा, मतं मोलाची असल्याचं सांगणारा, आणि शेवटच्या ओळीत माझं सेवा केंद्र बंद झाल्याचं कळवणारा. दोन माणसं शिडी घेऊन आली. निळा बोर्ड उतरवला, टेम्पोत घातला, गेली. दुकानाच्या कपाळावर नुसती पांढरी चौकोनी भिंत राहिली आणि तिच्या कोपऱ्यांत स्क्रूची भोकं. मी खाली फुटपाथवर उभा. आतून एकही फोन वाजत नव्हता.

आत्या किल्ल्या वाजवत आली, शेजारी उभी राहिली. भिंतीवरची भोकं एकेक करून मोजली.

मला तिच्यावर चिडायचं होतं. खरंच चिडायचं होतं. पण त्या हॉलातला तिचा खालचा आवाज कानात होता, आणि तो कानात असताना माणसाला चिडता येत नाही. मी म्हणालो, "आत्या, बोर्ड गेला म्हणजे दुकान गेलं. आता कोण येणार माझ्याकडे? ही भोकं बुजवून, भिंत रंगवून देतो तुम्हाला, आणि गाळा सोडतो."

आत्या म्हणाली, "बुजवतंस कशाला? त्याच भोकांना तुजे नावाचा बोर्ड बसंल."